वर्तुळाच्या मध्यभागी अंगठा

मावशींइतके भित्रे माणूस माझ्या पाहण्यात नाही. प्रेशर कुकरची शिट्टी झाली तरी त्या दचकून भिंतीला टेकत. घरात शिरल्यावर कडी लावीत, ओढून पाहत, पुन्हा ओढून पाहत. "मास्तर, माका भ्या वाटता," हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसभर असे.

मी वॉर्ड ऑफिसबाहेर अर्ज लिहिण्यास बसतो. शिक्षण सातवीपर्यंत, तथापि कायद्याच्या भाषेत माझा हात धरणारा त्या फुटपाथवर कोणी झाला नाही. मावशी मालवणकडच्या. मरोळच्या आमच्या चाळीत त्या पोरक्या नातीसह राहत आणि त्यांची गावची पत्रे मीच लिहीत असे.

गिरण्यांचा संप रेंगाळला होता, त्या सुमाराची ही हकीकत. कुठल्याशा कारखान्याची घाण वाहणारा एक टेम्पो भर दुपारी येऊन चाळीमागच्या नाल्यात पिंपे रिकामी करी. नाल्याकाठी खेळणाऱ्या नातीच्या पायांना फोड आले, तेव्हा मावशींनी दारोदार फिरून माणसे जमवली. मी अर्ज लिहिला : नाल्यात घाण टाकणे हा दंडनीय अपराध असून तो पुन्हा घडल्यास अधिक कठोर शिक्षेस पात्र आहे. टेम्पोमालकाच्या धाकाने पहिली सही कोणी करीना. अशा प्रसंगी मी ताटली ठेवून वर्तुळ आखतो आणि सह्या भोवताली घेतो, म्हणजे पहिला कोण ते कळत नाही. या युक्तीचा मला अभिमान होता.

वॉर्ड ऑफिसातल्या इन्स्पेक्टरसाहेबांनी कागद गरगर फिरवून पाहिला. "अहो, साक्षीला बोलवायचं कुणाला? समन्स काय या चक्राला काढू?"

सारे खाली पाहू लागले. मावशी मात्र पुढे सरकल्या. "मास्तर, माझा नाव मधी घाल."

"मावशी, तुम्हांला तर भीती वाटते ना?"

"वाटता, म्हणानच सांगतंय. गप रवल्यार जास्त वाटता." आणि त्यांनी वर्तुळाच्या मध्यभागी अंगठा उमटवला.

कोर्टात कठडा घट्ट धरून त्यांनी साक्ष दिली. आवाज कापत होता, पण शब्द एकही गाळला नाही. दंड झाला. "पुन्हा सापडलास तर दंडावर सुटणार नाहीस," असे मॅजिस्ट्रेटांनी बजावले. मालकाने दंड तिथल्या तिथे भरला आणि जिन्यात मावशींना अगदी मायेने विचारले, "मावशी, नात कुठल्या शाळेत जाते गं तुझी?"

मावशी भराभर जिना उतरल्या. दुसऱ्याच दिवशी नातीला घेऊन त्या एस.टी.ने गावी गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "पत्ता तुकाच ठावक हा, मास्तर." एवढेच.

काही दिवसांनी तो मालक माझ्या बैठ्या मेजासमोर उकिडवा बसला. "म्हातारीचं गाव कुठलं रे? पत्रं तूच लिहायचास ना?"

पत्ता मला तोंडपाठ होता. माझ्या हातातून टाक निसटला.

तो हसला. "काय रे, फाटली?"

"भीती वाटते," मी म्हणालो, "म्हणूनच सांगणार नाही."

तो उठून गेला. मी दुकान आवरले. घरी येऊन कडी लावली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली.