पेवाची जागा

"मेलं नाही गा, निजून राह्यलं." भर उन्हाळ्यात कोरड्या मातीवर लोटीभर पाणी टाकत आमच्या शेजारच्या मावशी हे सांगायच्या. दोन्ही घरांच्या सामायिक परसात विटांचं गोल आळं, आत ना पान ना काडी. तुम्हीच सांगा, तुम्हाला तरी हसू आवरलं असतं का?

सत्तर-बाहत्तरची गोष्ट. नागपूरच्या सरकारी क्वार्टरात मी नवाच राहायला आलो होतो. पावसाळ्यात त्या आळ्यातून पेव वर यायचं. रामटेककडच्या जंगलातलं हे रानझाड पोळ्यापर्यंत पुरुषभर उंच व्हायचं. शेंड्याला लाल कणीस, त्यात पांढरी नाजूक फुलं. मागच्या भिंतीवर पेन्सिलीची एक रेघ होती. पेव तिच्या वर गेलं की मावशी खूश. दिवाळीनंतर सगळं वाळून जायचं. रेघ कसली, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

एका मे महिन्यात मावशी आणि त्यांचे यजमान लग्नाला भंडाऱ्याला गेले. पाणी टाकायचं काम माझ्याकडे. म्हटलं, चार महिन्यांच्या रानझाडासाठी रिकाम्या मातीला काय पाणी घालायचं, मावशींना छान गुलाब लावून देऊ. हातभर खणलं. आल्यासारखे सुकलेले कंद निघाले, ते वेचून वेचून कचऱ्यात टाकले. एक तुकडा ठेवला नाही. कामात मी फार चोख! शेणखत घातलं, विटा परत लावल्या. कलम आणायचं तेवढं राहिलं.

मावशी रिक्षातून उतरल्या त्या थेट आळ्यापाशी. माती चिमटीत घेऊन पाहिली.

"माह्या पोरीनं आणलं होतं हे, शाळेच्या सहलीतून, फ्रॉकात बांधून," त्या म्हणाल्या. "त्याच साली टायफॉइडनं गेली. थे रेघ तिच्या उंचीची हाये. पेव वाढलं का मले वाटते, आता एवढी झाली असती."

कचऱ्याची गाडी कधीच येऊन गेली होती. मीच खणलं, हे कबूल केलं नाही. भेकड होतो, दुसरं काय.

त्या पावसाळ्यात काही उगवलं नाही. पुढच्याही नाही. दुसरा कंद आणून गुपचूप लावावा असं मनात आलं, पण त्यांच्या पोरीच्या जागी खोटं रोप लावायला हात धजेना. मावशी पाणी टाकत राहिल्या. फक्त ते वाक्य म्हणायच्या बंद झाल्या.

यजमान निवृत्त झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली. ट्रक भरल्यावर मावशींनी ती लोटी माझ्या हातात दिली.

"मावशी, ते मीच..."

"मले मालूम हाये गा. त्या दिवशी माती हाती घेतली, तवाच समजलं." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "नाही आलं तरी पाणी टाकत जाय."

वर्षभरात त्या गेल्याचं पत्र आलं. मी परसात बसून खूप रडलो. मग उठून लोटीभर पाणी टाकलं. भिंतीवरची रेघ होती तेवढीच होती.