वैजयंतीच्या गाडीचं ॲव्हरेज

एका गाडीतून तिघं रोज ऑफिसला जायला लागली, की पेट्रोल किती वाचतं ते देव जाणे, पण किस्से भरपूर साठतात. कर्वेनगर ते खराडी एवढ्या रस्त्यात बोलण्याशिवाय करणार काय? बहुतेक किस्से एका सिग्नलला सुरू होऊन पुढच्या सिग्नलला विसरले जायचे. हा तेवढा राहिला.

गाडी वैजयंतीची. ती आमची टेस्टिंगची लीड. मी तिच्या टीममध्ये, आणि निखिल नुकताच अमरावतीहून आलेला. चालवायचो तिघंही, आळीपाळीने. एका सोमवारी पंपावर वैजयंतीने मोबाइलवर हिशोब केला आणि म्हणाली, "ॲव्हरेज पडलंय."

मी म्हटलं, "जुनी गाडी आहे. होतं असं."

"होतं असं, हे बग रिपोर्टमध्ये लिहितोस का तू?"

तिथून ते प्रकरण सुरू झालं.

पहिला संशय टायरवर. पंपावर हवेच्या मशीनशेजारी पाटी होती : 'हवा भरून मिळेल. गप्पा मारून मिळणार नाहीत.' निखिलने पाटी वाचली आणि तरीही तिथल्या काकांना विचारलं, "काका, हवा कमी असली तर गाडी जास्त पेट्रोल पिते का जी?"

काकांनी पाटीकडे बोट दाखवलं.

चारही चाकांत हवा बरोबर निघाली.

मग एसीवर बंदी आली. तीही एप्रिलमध्ये. काचा खाली करून आम्ही मुंढव्याची धूळ खात ऑफिसला पोचायचो. एकदा उतरलो ते थेट क्लायंटच्या व्हिडिओ कॉलमध्ये. पलीकडच्या साहेबाने आमचे केस बघून काळजीने विचारलं, तुमच्याकडे वादळ झालं का?

"नाही," वैजयंती म्हणाली, "कॉस्ट कटिंग."

ॲव्हरेज होतं तिथेच राहिलं. एसी परत मिळाला, एवढंच.

त्यानंतर डिकी रिकामी केली. छत्र्या, जुने टॉवेल, दिवाळीतले आकाशकंदील, आणि सगळ्यात खाली चादरीत गुंडाळलेला दगडी पाटा. तिच्या सासूबाईंचा. गुळगुळीत झाला, टाकी लावून खडबडीत करून आणायचा म्हणून कधीतरी गाडीत ठेवला होता. तो उतरवताना माझी पाठ धरली.

वैजयंती पाट्याकडे बघत म्हणाली, "याला टाकी लावायची राहिली, म्हणून गाडीची टाकी रिकामी होतेय."

पण तोही गुन्हेगार नव्हता.

शेवटी हडपसरचं गॅरेज. मिस्त्री मूळचे लोणी काळभोरचे. त्यांनी फिल्टर बघितला, प्लग बघितले, चाकं उचलून हाताने फिरवून बघितली, गाडी चालवून आणली.

"इंजिन चांगलं हाय, ताई. ब्रेक बी चिकटत नाय. पण क्लच प्लेट पार संपत आलीय. क्लच अर्धा दाबून, सारखं हाफ क्लचवर चालवतंय कोणतरी. नवा हात हाय."

नवा हात म्हटल्यावर आम्ही दोघांनी एकदमच निखिलकडे बघितलं. त्याचं लायसन्स ताजं होतं.

"मी नाही मारत हाफ क्लच," तो म्हणाला. "तुम्ही मलेच पाहून राहिले."

वैजयंतीने मिस्त्रींना क्लच प्लेटची किंमत विचारली. त्याला तेच लागलं असावं. दुसऱ्या दिवसापासून तो कंपनीच्या बसने जाऊ लागला. आमच्या गाडीत एकदम जागा झाली, आणि ती दोघांनाही नकोशी वाटायची. कॅंटीनमध्ये तो दिसला की मी डब्यात बघायचो.

वैजयंतीने क्लच प्लेट बदलली आणि जाहीर केलं, "आता मी एकटी चालवणार. तो दोषी असेल तर ॲव्हरेज सुधारेल. नसेल तर मला त्याची माफी मागायचीय."

ॲव्हरेज सुधारलं नाही.

आता तर ती हट्टालाच पेटली. नवरा म्हणाला, विकून टाकू. ती म्हणाली, कारण सापडल्याशिवाय नाही. एका सकाळी रिलीजसाठी आम्हाला लवकर निघायचं होतं. ती पार्किंगमध्ये आली, पर्स ठेवायला बॉनेटवर हात टेकला, तर बॉनेट गरम. रात्रभर उभी असलेल्या गाडीचं!

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती जिन्यापाशी जाऊन उभी राहिली. पुढचं तिने मला गाडीतच सांगितलं.

पार्किंगमध्ये गाडी सुरू होती. दोन खांबांच्या मधल्या जागेत हातभर पुढे यायची, थांबायची, हातभर मागे जायची. परत पुढे. वॉचमन हाताने खुणा करत होता. आणि स्टिअरिंगवर सासूबाई. नऊवारी, स्वेटर, खाली उशी.

"आई?"

सासूबाईंनी काच खाली केली. "क्लासवाल्याने पुढे जायला नीट शिकवलं गं. रिव्हर्सला घाई केली त्याने. तेवढं पक्कं करतेय."

"मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू शेजारी बसली असतीस."

लायसन्स खरंच होतं. पर्समधून काढून दाखवलं.

सोमवारी निखिल बसच्या थांब्यावर उभा होता. त्याच्यासमोर आमची गाडी थांबली. स्टिअरिंगवर सासूबाई, शेजारी वैजयंती, मागे मी. वैजयंती खाली उतरली आणि म्हणाली, "निखिल, माझं चुकलं. नवा हात घरचाच निघाला."

मीही उतरलो. "माझंही."

निखिलने वाकून आत बघितलं. सासूबाईंनी त्याला नमस्कार केला. "बसा. तुमच्या नावावरचं पेट्रोल मी जाळलंय."

तो हसला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. मी सरकून जरा जास्तच जागा दिली.

मुंढव्याच्या चौकात सिग्नल सुटला आणि गाडी बंद पडली. सासूबाईंनी किल्ली फिरवली. परत बंद. मागून एक रिक्षावाला हॉर्न दाबून बसला. वैजयंती म्हणाली, "आई, मी घेऊ का?"

"बस तू."

त्यांनी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि शांतपणे रिक्षावाल्याला म्हणाल्या, "अहो, आयुष्यभर तुम्ही रिक्षावाले मला 'नाही येणार' म्हणालात. मी कधी हॉर्न वाजवला?"