गाडीला अर्थ नव्हता

खुर्शीदाच्या दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की हमखास विचारायचं, "मिस्त्री कुठंयत?" मग ती ओढणी सावरत, हातातला पाना खाली न ठेवता म्हणायची, "बोला. मिस्त्रीच ऐकतेय."

वडाळा नाक्यावरचं हे गाड्यांच्या वायरिंगचं दुकान तिच्या अब्बांचं. त्यांची नजर अधू झाली तेव्हा बारीक तारा ओळखायला ते लेकीला शेजारी बसवू लागले. बघता बघता तारा तिच्या बोटांत आल्या आणि दुकानही. त्याला आता एकतीस वर्षं झाली. निफाडचा ट्रॅक्टर असो की चांदवडचा कांद्याचा ट्रक, तिच्या हातून एकही गाडी सुरू न होता परत गेली नव्हती. याचा तिला थोडा माजही होता.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी दुकानापुढे टेम्पो थांबला. मागे एक जुनी मोटरसायकल दोरांनी बांधलेली, आणि पुढून धोतर सावरत उतरले वेणीमाधव गुरुजी. रामकुंडावर विधी सांगणारे, पंचवटीतले. गाडी त्यांच्या वडिलांची, १९७४ सालची. पण हिरव्या रंगात अशी चमकत होती, जणू कालच शोरूममधून निघाली. हँडलला झेंडूचा हारही होता.

"चार मिस्त्री झाले," गुरुजी म्हणाले. "बॅटरी नवी, कॉइल नवी, प्लग नवा. दिवा लागतो. हॉर्न तर असा वाजतो की गाई बाजूला होतात. पण सुरू म्हणून होत नाही, किक मारून पाय सुजला. रविवारी आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. हिच्यावरून त्र्यंबकला नेईन, असं लतिकेला सांगून बसलोय."

"मग वहिनी काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मी एसटीनं पुढं जाते, तुम्ही ढकलत या."

खुर्शीदा हसली आणि कामाला लागली. तिचं हत्यार म्हणजे दोन तारांचा एक छोटा बल्ब. एका तारेचा चिमटा तिनं गाडीच्या चौकटीला लावला आणि दुसरीचं टोक टेकवत निघाली. बॅटरीवर बल्ब लागला. चावीपाशी लागला. कॉइलवर लागला. करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट उघडून तिनं पॉलिशपेपरनं घासले, कंडेन्सर बदलला. मग प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवला. "मारा किक!" गुरुजींनी मारली. ठिणगीचा पत्ता नाही.

दोन तास गेले. चहा गार झाला. करंट सगळीकडे होता, पण ठिणगी काही पडत नव्हती. खुर्शीदाच्या कपाळावर घाम आला. ही पोरगी पहिल्यांदा नापास होणार की काय, असं तिचं तिलाच वाटू लागलं. पोरगी आता सत्तावन्न वर्षांची होती, ते सोडा.

गुरुजींनी हळूच सुचवलं, "अडीचनंतर योग बरा आहे. तेव्हा बघता का?"

"गुरुजी, करंटला मुहूर्त नसतो!" ती फिस्कारली, आणि त्या झटक्यात तिचा चिमटा चौकटीवरून निसटला. वैतागून तिनं तो हात पोचला तिथं, इंजिनालाच लावला आणि दुसऱ्या तारेचं टोक पुन्हा कॉइलवर टेकवलं.

बल्ब लागला नाही.

चिमटा चौकटीला लावला, बल्ब लागला. इंजिनाला लावला, गेला. तिनं चारदा करून पाहिलं, मग स्टुलावर बसली आणि पोट धरून हसू लागली.

"गुरुजी, तुमच्या गाडीला अर्थच नाहीये!"

गुरुजींचा चेहरा पडला. "बाई, वडिलांची आठवण आहे ती. इतकं टाकून नका बोलू."

"तो अर्थ नाही हो, अर्थिंग! इंजिनात गेलेल्या करंटला बॅटरीकडे परतायला वाट हवी. तुमचं इंजिन चौकटीपासून तुटलंय, मधल्या रंगातून करंट जात नाही. रंग कोणी दिला?"

"मीच," गुरुजींनी छाती काढली. "मोबाइलवर बघून. इंजिन उतरवलं आणि तीन हात मारले. बोल्टसुद्धा रंगवल्याशिवाय सोडले नाहीत."

"आणि इंजिनापासून चौकटीला एक तार होती, वेणीसारखी विणलेली?"

गुरुजी कान खाजवू लागले. "ती शोभत नव्हती. तुळशीला काठीचा आधार दिलाय ना, त्याला बांधली."

खुर्शीदानं चाकू घेतला आणि बोल्टांखालचा रंग खरवडला. प्रत्येक ओरखड्याला गुरुजी 'हळू, हळू' करत होते. मग तिनं नवी जाड तार आवळली. पहिल्या किकला गाडी खोकली, दुसरीला धडधडून उठली. गुरुजींनी हात जोडले. गाडीला की खुर्शीदाला, ते कळलं नाही.

"हे मी आल्या आल्या बघायला हवं होतं," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "तुमच्या चौघा मिस्त्र्यांत मी पाचवी नापास झाले असते."

"रंगच तसा पक्का लागलाय," गुरुजी समाधानानं म्हणाले.

रविवारी अकराच्या सुमारास तोच धडधडाट दुकानापुढे आला. गुरुजींच्या मागे नऊवारीत लतिकावहिनी, हातात पेढ्यांचा पुडा.

"बाई, तुम्ही गाडी सुरू केलीत खरी," वहिनी ओरडून म्हणाल्या, "आता ती बंद कशी करायची ते यांना शिकवा. सकाळी सातपासून चालूच ठेवलीय. मिसळ खाल्ली ती पण चालू गाडीवर बसून! म्हणे, बंद केली आणि पुन्हा लागली नाही तर?"

खुर्शीदानं पुढे होऊन चावी फिरवली. एकदम सामसूम झाली. गुरुजी पांढरेफटक पडले.

"मारा किक," ती म्हणाली.

एकाच किकेत गाडी लागली. वहिनींनी पेढे खुर्शीदाच्या हातात कोंबले, पदर कमरेला खोचला आणि नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "चला, त्र्यंबकला. आणि आता वाटेत चहाला थांबायचं, गाडी बंद करून."