एनॉक सटक्लिफचं नाव

इंग्लंडातल्या हॅलिफॅक्स गावाच्या वर, टेकडीवरच्या आमच्या चॅपलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या मागे, मॉड ओल्डरॉइड जुनी व्हायोलिनं दुरुस्त करायची. बावीस वर्षं मी तिची शेजारीण. तिच्या घरात पाऊल टाकलं की आधी सरसाचा वास यायचा, मग ती दिसायची.

एकदा क्रॅब्ट्री नावाच्या व्यापाऱ्यानं तिच्याकडे एक व्हायोलिन टाकलं. आत इटालियन कारागिराच्या नावाची चिकटवलेली चिठ्ठी, वरच्या फळीला चीर. मॉडनं पातळ सुरी फिरवून फळी उचलली आणि मला हाक मारली. पाठीच्या आतल्या लाकडावर फिकट शाईत लिहिलं होतं : ‘एनॉक सटक्लिफ, विणकर. १७९४. देवाच्या कृपेने.’

“तरीच! कडेच्या रेघा बघ,” ती म्हणाली. “इटलीवाले तिथं लाकडाची पट्टी बसवतात. आमच्या इकडचे विणकर फावल्या वेळात व्हायोलिनं करायचे, त्यांनी नुसती शाई ओढली.”

दुपारी क्रॅब्ट्री आला. “खरवडून टाक ते नाव. विणकराचं व्हायोलिन कोण घेतंय?”

“चिठ्ठी खरवडते, हवं तर.”

“मॉड, माझ्याकडचं काम बंद झालं तर खाशील काय? भुसा?”

“रोज ओटचीच लापशी खाते रे. फरकसुद्धा कळायचा नाही मला.”

उघडं व्हायोलिन कापडात गुंडाळून तो निघून गेला. पुढे एकाही व्यापाऱ्यानं तिच्याकडे काम दिलं नाही. ती शाळेतल्या मुलांची व्हायोलिनं दुरुस्त करत राहिली, चॅपलच्या खुर्च्यासुद्धा.

चार वर्षांनी पर्ल नावाची शिक्षिका आली. तिचं व्हायोलिन घरघरत होतं. कडेच्या शाईच्या रेघा पाहताच मॉडनं सुरी घेतली. फळी उचलली, तर नावाच्या जागी पांढरा खरवडलेला चट्टा. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

मॉडनं तिला सगळं सांगितलं. पर्लचा चेहरा उतरला. “मला इटालियन म्हणून विकलं हो क्रॅब्ट्रीनं.”

“फसवलं तुला. त्याच्याकडे जायचं असेल तर साक्षीला मी येते. पण वाजवताना आवडायचं का तुला?”

“फार.”

“ते एनॉकचं आहे.”

पर्लनं डोळे पुसले. “लिहा मग त्याचं नाव.”

उघडलेल्या व्हायोलिनमध्ये दुरुस्त करणाऱ्यानं आपलं नाव, साल टाकायचं, हा त्या कारागिरांतला रिवाज. मॉडनं आधी ओल्या फडक्यानं चिठ्ठी काढली. मग एनॉकचं नाव लिहिलं, ‘एकदा खरवडलं, पुन्हा लिहिलं’ असं लिहिलं, आणि त्याखाली स्वतःचं. हे सगळं पाठीच्या आत एकदा वर, एकदा मध्ये, एकदा खाली.

“तीनदा कशाला गं?” मी विचारलं.

“आता खरवडू दे कुणालाही,” सरस ढवळत ती म्हणाली. “पाठीला भोक पडेल, पण नाव जायचं नाही.”