नवऱ्याच्या कामावर सही

हँगरमध्ये त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण इंजिनचं कुठलंही काम तो शेजारच्याला समजावून सांगतच करायचा. त्याची बायको तिथेच विमानांची चाकं आणि ब्रेक सांभाळायची. दोघंही मेकॅनिक, केलेल्या कामावर सही मात्र लायसन्सवाल्या इंजिनिअरची. ते लायसन्स आपणही काढायचं, असं दोघांनी ठरवलं. एकेका पेपरात पास होत गेले आणि शेवटी विमानाच्या यंत्रणा आणि एव्हियॉनिक्सचा, म्हणजे त्यातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा, पेपर उरला.

जेवणाच्या टेबलावर एकच जाडजूड पुस्तक दोघांच्या मध्ये उघडं असायचं. शिकवायचा अर्थात मास्तर. बाहेरच्या हवेच्या दाबावरून विमानाची उंची कशी कळते, हे त्याने तिला छान समजावलं. ऑटोपायलट आला की मात्र "हे सोपंय" म्हणून तो पान उलटायचा. ती ते पान नंतर एकटी वाचायची. सासूबाई भाजी निवडता निवडता विचारायच्या, "अभ्यास करताय की भांडताय?"

निकाल लागला. ती पास झाली, तो राहिला.

"तुझी सून पास झाली," त्यानेच घरी येऊन आईला सांगितलं.

"आणि तू?"

"मी शिकवण्यात पास झालो."

सगळे हसले. तोही हसला, पण त्या दिवशी जेवला थोडंच.

लायसन्स हातात आल्यावर लवकरच मास्तरने केलेलं एक काम तिच्यापुढे सहीला आलं. इंजिनचे बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांना पीळ दिलेली तार बांधतात. ती बोल्टला आवळण्याच्या दिशेने ओढून धरणारी हवी. तिने टॉर्च मारून पाहिलं, तर एक तार उलटी बांधलेली.

"ही काढून परत बांध."

"बांधतो. तू सही करून टाक तोवर."

"आधी बांध."

आजूबाजूचे उगाच आपापल्या कामात डोकं घालून बसले. मास्तरने तार कापली, नवी बांधली. तिने पुन्हा टॉर्च मारला आणि मग सही केली.

त्याला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं का, हे घरी गेल्यावरही तिच्या मनातून जाईना. पण दुसऱ्या कुणाला तिने चारचौघांतच सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी हँगरच्या साहेबांनी दोघांना बोलावलं. "वेगवेगळ्या शिफ्टला टाकतो तुम्हाला. घरात कटकट नको."

ती मान हलवणार, इतक्यात मास्तर म्हणाला, "नको साहेब. काल ती तार माझ्या नजरेतून निसटली, हिच्या नाही. माझं काम हिनेच बघावं."

बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. फडक्याने हात पुसत राहिला.

पुढच्या खेपेला तो काठावर पास झाला. मधल्या काळात ऑटोपायलट त्याला तिने शिकवला, आणि तो दर ओळीला वाद घालत शिकला. त्या दिवसाचं त्याच्या मनातून पुरतं गेलं का, हे तिने कधी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.