टाचेवरचा डाग

सकाळी अंथरुणातून उठताना बसलिंगप्पा उजवा पाय खाली टेकवायचा आणि भिंत धरायचा. टाचेत खिळा शिरल्यासारखं व्हायचं. थोडं चाललं की कळ बोथट व्हायची, म्हणून बरीच वर्षं त्यानं तिला दुखणं मानलंच नाही. सोलापूरच्या भुसार बाजारात तो मापाडी होता. दिवसभर फरशीवर अनवाणी उभं राहून ज्वारी मापायचा.

संक्रांतीची गोष्ट वेगळी होती. सिद्धेश्वराच्या जत्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलून चालायचा मान त्याला बापाकडून आला होता. काठी कमरेला लावली की सगळा भार टाचांवर उतरतो. आणि त्यांच्या घरात रीत अशी, की एकानं काठी सोडली की ती दुसऱ्याच्या कमरेला बसते आणि तिथंच राहते.

त्या साली जत्रा महिन्यावर आली आणि कळ दिवसभर हटेना.

दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "टाचेखाली मऊ नमद्याची गादी घाला, बूट वापरा, महिनाभर उभं राहू नका."

"ज्वारी काय झोपून मापायची?" बायको निंगव्वा हसली. "आन् काठीम्होरं बूट घालून जानार व्हय?"

तिचा इलाज घरातला होता. चुलीत वीट तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायचं आणि टाच दाबून धरायची. गुण होता, पण मुंगीच्या पावलानं.

त्याचा चुलतभाऊ संगप्पा, एकाच ताटात जेवून वाढलेला, हे बघून चिडला. "अण्णा, पानं शेकून काय हुतंय? मंद्रूपचा हरिबा डाग देतो. आठ दिवसांत पळशील की."

"डागल्यावर पाय टेकवंल का?" निंगव्वानं विचारलं.

"वैनी, तुमी भाकरी डागा. अण्णाची टाच माज्याकडं सोडा."

गाडी संगप्पानंच जुंपली. हरिबाच्या अंगणात बसलिंगप्पा हौदावर पाय धुवायला गेला, तेव्हा संगप्पा आणि हरिबा बोलत उभे होते. तापलेली सळई टाचेला लागली तेव्हा संगप्पानं त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घट्ट धरला होता. त्या धरण्यात माया आहे असंच त्याला वाटलं.

आठ दिवसांनी जखम वाहत होती. पंधरा दिवसांनीही. संक्रांतीला तो उंबऱ्याशी पोत्यावर पाय ठेवून बसला. काठी दारावरून गेली. पांढऱ्या बाराबंदीतला संगप्पा तिच्याखाली जराही डगमगत नव्हता. एका महिन्यात इतकी सवय होत नाही, हे काठी पेलणाऱ्याला कळतं.

माघात हरिबा दाणे घेऊन बाजारात आला. बसलिंगप्पाला लंगडताना पाहून म्हणाला, "टेकवला का पाय? लवकर टेकवला. दीड महिना टेकायचा न्हाई, हे तुमच्या भावाला सांगितलं हुतं की. जत्रंत चालायचं आसंल तर जत्रा झाल्यावर या, आसंबी म्हनलो हुतो."

"मग तो काय म्हणाला?"

"आत्ताच डागा म्हनला."

बसलिंगप्पानं माप भरलं, रिकामं केलं, पुन्हा भरलं. कितवं, ते त्याला आठवेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं माप चुकलं.

फाल्गुनात जखम भरली. आणि कळ गेली, पार गेली. सकाळी पाय टेकवावा तर तो लाकडासारखा मुका. आळीतले म्हणाले, भाऊ असावा तर असा. संगप्पा चौकात हसून म्हणाला, "बग अण्णा, गुण आला का न्हाई?"

यावर भांडायचं कसं? भांडायला दुखणं तरी शिल्लक हवं होतं. निंगव्वा बोलायला निघाली, तर त्यानंच तिला अडवलं. पुढच्या संक्रांतीला काठी संगप्पाचीच होती. बसलिंगप्पा धडधाकट पायांनी गर्दीतून चालला.

तेव्हापासून बाजारात कुणाची टाच दुखली की लोक त्यालाच विचारायला येत. एकदा पंचाक्षरी हमाल आला. "मालक, वीट बरी का डाग?"

"विटेला वेळ लागतो. डागाला लगेच गुण येतो."

"मग मंद्रूपला जातो. थोरल्या भावाला घेतो संगं."

"नको," बसलिंगप्पा म्हणाला. "एकट्यानंच जा."