मुसळ पडेपर्यंत

हातात येईल त्या वस्तूचा ग्रह करायची बाईंना सवय होती. तुमच्याही गल्लीत अशी एखादी निवृत्त शिक्षिका असेल, जिची शाळा सुटली तरी तास काही सुटलेला नसतो. आमच्या बाई साताऱ्यातच भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. मंडईत कोबीचा गड्डा उचलला की त्याचा गुरू व्हायचा, आणि शेजारच्या टोपलीतलं बोर म्हणजे पृथ्वी. या गड्ड्याच्या पोटात अशी हजारावर बोरं मावतील, असं त्या भाजीवालीलाच समजावत बसायच्या. भाजीवालीही तयार झाली होती. "बाई, आज गुरू सवंग हाय, दोन न्या," असं ती लांबूनच ओरडायची.

वयसुद्धा बाई वर्षांत मोजत नसत. मी लग्न होऊन त्या गल्लीत आले तेव्हा भिंतीपलीकडून पहिला प्रश्न आला तो वयाचा. मी चोवीस म्हणाले.

"म्हणजे गुरूच्या दोन फेऱ्या. शनीची अजून एकही नाही. त्याला सूर्याभोवती एकदा जाऊन यायला एकोणतीस-तीस वर्षं लागतात, फार सावकाश माणूस."

शनीचं नाव निघताच माझ्या सासूबाईंनी दारातूनच कानांना हात लावले. त्या माण तालुक्यातल्या, दहिवडीकडच्या. ग्रह ही शांत करायची गोष्ट आहे, गप्पा मारायची नाही, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. बाईंनी हसून सांगितलं की साडेसातीसुद्धा त्याच्या रेंगाळत चालण्यातूनच आलेली आहे. तो कुणाच्या मागे लागलेला नाही, आपल्या वाटेनं फिरतोय. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि पुढच्या शनिवारी मारुतीला जास्तीचं तेल घातलं.

"आधी बघून घे, मग खुशाल भी." हे बाईंचं ठेवणीतलं वाक्य. माडीवर खुडबुड झाली, गाठोड्यात काही हललं, पोरांनी भुताची गोष्ट आणली, की हेच. पोरं चिडवायची, पण बघायचीही.

दिवाळीत त्यांच्या अंगणात लक्ष्मीची पावलं नसत, सूर्यमाला असे. मधोमध हळदीचा सूर्य. त्याला खेटून बुध, मग पांढरा चकचकीत शुक्र. बुध सूर्याच्या जवळ असला तरी सगळ्यांत जास्त तापतो तो शुक्रच, अंगावर ढगांचं जाड पांघरूण आहे ना, असं त्या चिमूट सोडतासोडता सांगत. मंगळ गेरूचा. तो रागावला म्हणून तांबडा नाही, त्याची माती गंजलीय म्हणून. शनीचं कडं काचेच्या बांगडीनं उमटवायच्या. पुढे अंगण पुरायचं नाही. युरेनस त्यांच्या फाटकात, नेपच्यून रस्त्यावर, आणि प्लूटो, तेव्हा त्यालाही ग्रहांत मोजत, आमच्या फाटकाशी. एवढं करून वर म्हणायच्या की हे सगळं खोटं माप आहे. ताटाएवढा सूर्य धरला तर प्लूटोसाठी रांगोळी घेऊन मैलभर चालावं लागेल. सासूबाई तो ठिपका पुसायच्या नाहीत, पण ओलांडायच्याही नाहीत. कडेनं जायच्या.

आता जे सांगायचं ते गल्ली हलक्या आवाजात सांगायची. बाईंना एकच मुलगा, सांगलीला नोकरीला. त्याचा वरचा ओठ जन्मतःच फाटलेला. लहानपणी शिवला होता, तरी व्रण राहिला आणि बोलणं नाकातून येई. याचं कारण गल्लीनं कधीच ठरवून टाकलं होतं. बाईंनी पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली. भूगोल शिकवते ना, तिला कुठलं ग्रहण! आमच्याकडे कुणालाही दिवस गेले की ही गोष्ट तिला हमखास ऐकवली जाई. मलाही ऐकवली. वर मुलगा घरी आला की त्याचं तोंड बघायचं नाही, अशी ताकीद. बाईंना हे ठाऊक असावं. तो आला की त्या आपणच आमच्याकडे यायच्या थांबायच्या. मला त्याचा राग यायचा, पण सून म्हणून आलेल्या पोरीच्या रागाला कोण विचारतो.

पंच्याण्णव सालची दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण, आणि मला नववा महिना. नवरा फौजेत, सीमेवर. घरात मी आणि सासूबाई, दोघीच.

सासूबाईंनी उजाडायच्या आत तयारी केली. पूर्वेच्या खिडकीवर फौजेची कांबळी ठोकली. दारं लावली, दूरदर्शन बंद केलं. मला भिंतीशी पाटावर बसवलं. चिरायचं नाही, गाठ मारायची नाही, पाणी प्यायचं नाही, बोट मुडपायचं नाही. मग पितळी परातीत पाणी घेतलं आणि मुसळाला हळदकुंकू वाहून ते मधोमध उभं केलं. तुम्ही कधी पाहिलं असेल तर ठाऊक असेल. ग्रहण लागलं की मुसळ आपोआप उभं राहतं आणि सुटलं की आपोआप आडवं होतं, असं म्हणतात. त्यांच्या आईनं, आजीनं ग्रहण असंच मोजलेलं.

अंधार असा की मला माझे पायही नीट दिसत नव्हते. थोड्या वेळानं एक गोष्ट दिसली. कांबळीला कसरीनं पाडलेलं एक भोक होतं. त्यातून समोरच्या भिंतीवर कवडसा पडला होता. एरवी कवडसा गोल असतो. हा एका बाजूनं खाल्लेला होता, लहान मुलानं चावलेल्या भाकरीसारखा. मी बघतच राहिले. सूर्याकडे बघायला बंदी होती, पण सूर्यच आत आला होता. चंद्र मध्ये सरकतोय, बाई म्हणतात तेच हे, दुसरं काही नाही. तो बारीक होत गेला, मग पुन्हा भरू लागला. आणि भरत असतानाच माझ्या कंबरेत पहिली कळ आली.

सुटेलच आता, मग सांगू, असं मनाशी म्हटलं. कवडसा भिंतीवरून घसरत फरशीवर आला आणि पुरता गोल झाला. रस्त्यावरून "दे दान, सुटं गिऱ्हान" अशी हाळीही आली. मुसळ मात्र जागचं हललं नाही.

मी सासूबाईंना घड्याळ दाखवलं, कॅलेंडरातली मोक्षाची वेळ टळून गेली होती.

"छापील येळ मुंबईची असती. आन् ते वरडनारे घाईला आल्यात. मुसळ खोटं न्हाई बोलायचं."

पुढे कधीतरी बाईंनी मला याचा उलगडा करून सांगितला. गावाकडे शेणानं सारवलेली भुई, वरखाली. घरभर माणसं. ग्रहण सुटल्याचं कळलं की सगळी आंघोळीला उठायची, पावलांनी भुई हादरायची, मुसळ पडायचं. आमच्या घरात नवी शहाबादी फरशी, पाण्यासारखी सपाट. मुसळाला खाली रुंद लोखंडी कडं. घरात दोघीच, त्याही श्वास धरून बसलेल्या. ते पडणार कशानं? तसंच ठेवलं असतं तर तुळशीच्या लग्नापर्यंत उभं राहिलं असतं.

हे आज सांगताना हसू येतं. तेव्हा पाटावर माझ्याखाली ओल पसरली आणि हसायचं काही उरलं नाही. पाणी गेलं होतं. मी "आत्या" म्हणाले, आमच्यात सासूला आत्या म्हणतात. त्यांनी बघितलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्या दुष्ट नव्हत्या, हे मी तेव्हाही जाणत होते. त्या माझ्यापेक्षा जास्त भ्यालेल्या होत्या.

"हलू नगंस पोरी. येवढं सुटू दे. हात जोडते तुला, हलू नगंस."

पुढची कळ आली तेव्हा मी बाईंच्या घराकडच्या भिंतीकडे तोंड करून, होता नव्हता तेवढा जोर लावून बाईंना हाक मारली.

त्या स्वयंपाकघराच्या दारानं आल्या. त्यांनी पाट बघितला, मुसळ बघितलं, फरशीवरचा कवडसा बघितला. माघारी वळून, दिवाळीला घरी आलेल्या मुलाला रिक्षा आणायला सांगितलं आणि आत आल्या. शांतपणे म्हणाल्या की ग्रहण सुटलंय, हा कवडसा पुरता गोल आहे, हिला उठवू या.

सासूबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"बाई, तुमी जावा. तुमच्या आसल्या ग्यानानं काय झालं ते साऱ्या गल्लीला ठावं हाय."

इतक्या वर्षांत कुणी त्यांच्या तोंडावर बोललं नव्हतं. मला वाटलं, बाई आता जातील, आणि मी इथेच राहीन. बाई गेल्या नाहीत. परातीशेजारी फरशीवर खाली बसल्या.

"वहिनी, मी हलले नव्हते."

सासूबाईंना कळेना. मलाही कळेना.

"तिसरा महिना होता. माझ्या सासूबाईंनी असंच मुसळ उभं केलं होतं. ग्रहण कशानं लागतं हे मी पोरांना फळ्यावर काढून दाखवत होते, तरी भ्याले. पाणी प्याले नाही. बोट मुडपलं नाही. मुसळ पडेपर्यंत बसले. तरी तो तसाच जन्मला."

"मग लोकं बोलत्यात तवा सांगितलं का न्हाई?"

"काय सांगू? मी चिरलं म्हटलं की बाकीच्या निर्धास्त होतात. आपण नाही चिरलं, आपलं नीट होईल, असं वाटतं त्यांना. मी बसले होते हे कळलं, तर प्रत्येक पोटुशीला घोर लागला असता. एकीच्या नावावर खपतंय तर खपू दे म्हटलं."

बाहेर रिक्षा वाजली. मला कळ आवरेना. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, मुसळाकडे बघत होत्या. मग पुढे झाल्या, मुसळाला हात जोडले, दोन्ही हातांनी धरलं आणि झोपलेलं मूल ठेवावं तसं हळूच आडवं केलं. परातीतलं पाणी फरशीवर सांडलं. त्यातूनच दोघींनी मला उठवून चालवलं.

बाईंचा मुलगा रिक्षावाल्याशेजारी अर्धा बाहेर लोंबकळत बसला. दिवाळीचा दिवस, वर ग्रहण, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुठून कसा तो रिक्षा घेऊन आला होता, त्यालाच माहीत. मी त्याचं तोंड बघितलं. वाटभर बघितलं, कारण तो सारखा मागे वळून "आलंच, आलंच" म्हणत होता.

दवाखान्यात मुलगी झाली. नाळ तिच्या गळ्याभोवती होती. अजून उशीर झाला असता तर, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि वाक्य अर्धवट सोडलं. सासूबाईंनी सगळ्यांत आधी बाळाच्या ओठांवरून बोट फिरवलं. माणूस एका दिवसात बदलत नाही, त्यासाठी मी त्यांना बोल लावणार नाही. पण मग त्या बाळाला घेऊन व्हरांड्यात गेल्या. बाईंचा मुलगा तिथे लांब, खांबाला टेकून उभा होता. लोकांपासून लांब उभं राहायची त्याला सवय होती. त्यांनी बाळ त्याच्या हातांत दिलं. "घे रं बाबा," एवढंच म्हणाल्या. त्याला मूल धरता येत नव्हतं. बाईंनी त्याचा कोपर नीट केला आणि त्या तोंड फिरवून पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

पुढच्या दिवाळीनंतर बाई मुलाकडे सांगलीला गेल्या. एकदा आल्या तेव्हा माझ्या लेकीची मंगळाची पहिली फेरी पुरी होत आली होती, म्हणजे पावणेदोन वर्षं, तशी त्यांनी ती मोजूनही दाखवली. शनीची तिसरी फेरी आपल्याला काही पुरी करायची नाही, असं जाताजाता म्हणाल्या. ती खरंच अर्ध्यावरही गेली नाही. बाई वारल्याचा निरोप द्यायला मुलगा स्वतः आला होता. सासूबाईंनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. त्या घरात आता दुसरी माणसं राहतात, आणि दिवाळीत आमच्या फाटकाशी ठिपका घालायचं काम माझ्याकडे आलंय.

नव्व्याण्णव सालच्या श्रावणाच्या तोंडावर पुन्हा सूर्यग्रहण आलं, संध्याकाळचं. दोन घरं सोडून एक सून पोटुशी होती. दुपारी तिची सासू तिला घेऊन आमच्या ओट्यावर आली आणि तीच जुनी गोष्ट सुरू झाली. इथे एक मास्तरीण राहायची, तिनं ग्रहणात भाजी चिरली. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"चिरलं न्हवतं तिनं. बसली हुती. मुसळ पडंपर्यंत बसली हुती."

"मग पोराचं तसं कसं झालं वो?"

"झालं. कुनामुळं न्हाई झालं." मग त्या पोरीकडे वळल्या. "तू पानी पी. भूक लागली तर खा."

पोरगी पोटावर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. सासूबाईंनी सूप बाजूला सारलं, माझ्या लेकीचं बोट धरलं आणि ग्रहणाच्या वेळी, आयुष्यात पहिल्यांदा, अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. आभाळ गच्च भरलेलं होतं. काहीच दिसत नव्हतं. तरी दोघी ग्रहण सुटेपर्यंत वर बघत होत्या.